खायला जास्त घातलं असेल

रंगीत माशांच्या दुकानात शिरलं की माणसं आपोआप दबक्या आवाजात बोलायला लागतात, आणि मासेमामांना या गोष्टीचं कायम हसू यायचं. मासे काही ऐकायला बसलेले नसतात. पण आत अंधार, भिंतीभर काचेचे टँक, प्रत्येकावर एक ट्यूब, पंपांची अखंड घरघर. दवाखान्यात शिरल्यासारखा माणूस जरा वरमतोच. वरमलेलं गिऱ्हाईक फार घासाघीस करत नाही, म्हणून मामांनी दुकानातले दिवे कधी वाढवले नाहीत. एवढी अक्कल त्यांना पहिल्यापासून होती.

ते कुणाचेच मामा नव्हते. दुकानात येणाऱ्या पोरांनी ठेवलेलं नाव पोरांच्या बापांनीही उचललं, इतकंच. घरी ते बाबा होते आणि बायकोच्या हाकेतले ‘अहो’ होते. अंगाने किरकोळ, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, हातांना पाण्याचा वास. हा माणूस वाईट आहे का, असं कुणी विचारलं असतं तर लोकांनी विचारणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. शेजाऱ्याचा नळ गळायला लागला की मामा पान्हा घेऊन हजर. कुणी आजारी पडलं की दवाखान्याच्या बाकावर बसून राहायला मामा. म्हणून तर ही गोष्ट सांगताना मला जास्त राग येतो.

तरुणपणी ते खिडक्यांना काचा बसवायचे. काच कापता येते म्हणून कुणी टँक करून मागितला. टँक नेणारे विचारू लागले की मासे कुठे मिळतील, म्हणून मासे ठेवले. धंदा असा एकातून एक निघत गेला. माशांचं वेड त्यांना कधीच नव्हतं, पण समज आली. पाण्याच्या वासावरून ते सांगायचे की हा टँक कुणीतरी धुवायचा टाळतंय.

सगळ्या माशांत त्यांना मनापासून आवडायचा तो काचमासा. दीड पेराएवढा जीव, आणि अंग इतकं आरपार की पाठीचा काटा न् काटा दिसावा. त्याला ट्यूबच्या उजेडात पाहिलं की मामांना आपल्या पहिल्या कामाची आठवण व्हायची. पण गिऱ्हाइकाला त्याचं काय! पोरं काचेला नाक लावायची आणि म्हणायची, "यात तर काहीच नाहीये."

मग घाऊक माल पोचवणारा एके दिवशी रंगीत काचमासे घेऊन आला. मासा तोच, पण पाठीखाली गुलाबी पट्टा. दुसऱ्याला पोपटी, तिसऱ्याला निळा. पोरांनी दुकान डोक्यावर घेतलं आणि बघता बघता टँक रिकामा झाला. "मामा, ही कुठली जात?" असं लोक विचारायचे आणि मामा म्हणायचे, "जातच तशी आहे. रंग घेऊनच जन्माला येते."

रंग कसा चढतो ते त्यांना ठाऊक होतं. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी त्यांची उगाच कीव करायला नको. घाऊकवाल्याने त्यांना एकदा शेडवर नेलं होतं. लांबलचक पत्र्याची शेड, ओली फरशी, टबांभोवती स्टुलांवर बसलेली माणसं. एका हातात मासा, दुसऱ्या हातात सुई. माशाच्या मानाने ती सुई म्हणजे आपल्याला पेन्सिल टोचण्यातला प्रकार. टोचायची, रंग आत सोडायचा, बाहेर काढायची, जरा पुढे परत टोचायची, मग मासा उलटा करून दुसरी बाजू. झाला की पलीकडच्या टबात. त्या टबात कितीतरी मासे आडवे होऊन तरंगत होते, आणि ते जाळीने काढून बादलीत टाकायला एक बाई वेगळी ठेवली होती. तिला दिवसभर तेवढंच काम. मामांनी बादलीकडे पाहिलं. मग त्यांनी टबातला एक जिवंत मासा ओंजळीत घेऊन रंग दोन्हीकडे सारखा बसलाय का ते तपासलं. "पोपटी जरा फिका वाटतो," एवढं म्हणाले आणि घरी येऊन व्यवस्थित जेवले.

शेडमधून जगून बाहेर पडलेले मासेही फार टिकायचे नाहीत. टोचलेल्या जागी पांढऱ्या गाठी यायच्या, खाणं सुटायचं, एका सकाळी मासा उलटा. त्यातूनही एखादा तगला तर काही महिन्यांत त्याचा रंग विटायचा. गिऱ्हाईक तावातावाने परत यायचं. त्यासाठी मामांकडे एक वाक्य तयार असायचं. समोरच्याची तक्रार पुरती व्हायच्या आत मान हलवायची, आपल्यालाच वाईट वाटल्यासारखं तोंड करायचं आणि म्हणायचं, "खायला जास्त घातलं असेल."

यावर भांडता येतच नाही. माशाला खायला घालणाऱ्या प्रत्येकाला मनातून वाटत असतं की आपण एखादी चिमूट जास्तच टाकली. ओरडायला आलेला माणूस ओशाळायचा आणि जाताना नवी जोडी घेऊन जायचा. पोरं रडायची. एकदा एक मुलगी आईचं बोट धरून आली, तिने मान खाली घालून मामांना "सॉरी" म्हटलं. मामांनी तिला एक शंख फुकट दिला आणि तिच्या गालाला हात लावला.

आता घरच्या टँकचं. बाहेरच्या खोलीत, चपलांच्या कपाटाशेजारी, लोखंडी स्टँडवर तो होता. आल्यागेल्याला वाटायचं, मासेवाल्याच्या घरी मासे असणारच. पण तो टँक शोभेचा नव्हता. दुकानात जे मासे मलूल व्हायचे, कोपरा धरायचे, ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मरून चालणार नव्हते. म्हणून मामा दुकान बंद करताना ते पाण्याच्या पिशवीत घालून घरी आणायचे आणि या टँकमध्ये सोडायचे. एखादा सावरला तर परत दुकानात. बाकीचे इथेच संपायचे. मामा सगळ्यांच्या आधी उठायचे, मेलेले जाळीने काढून कागदात गुंडाळून फेकायचे, हात धुऊन चहा ठेवायचे. बायको उठायची तेव्हा टँक लख्ख, मासे पोहत असलेले. इतक्या वर्षांत त्या माऊलीने आपल्या घरात मेलेला मासा पाहिलाच नव्हता.

तिलाही मामांनी जगाला सांगितलं तेच सांगितलं होतं, रंग जातीचा आहे म्हणून. बायकोच्या पोटात काही राहत नाही हे त्यांना संसाराच्या सुरुवातीलाच कळलं होतं. मुलगा मात्र दुकानातच लहानाचा मोठा झाला. गल्ल्यावर बसायला लागला तेव्हा बापाचं वाक्य त्याच्या तोंडीही आपसूक आलं. बापलेकांनी घरापासून काही ठरवून लपवलं असंही नाही. विषय निघायचा नाही, एवढंच.

मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. तिचे हात इतके झपाझप चालायचे की भाजी चिरताना सासू म्हणायची, "अगं हळू, बोटं शिजवायची नाहीयेत." कारखाना लांब पडायला लागला म्हणून काम सुटलं, आणि सून रिकाम्या वेळी टँकसमोर बसू लागली. मामांना मुलगी नव्हती. ही पोर काचेवर बोट फिरवत माशांशी बोलायची ते पाहून त्यांना भरून यायचं. त्यांचे गुडघेही तेव्हा बोंबलायला लागले होते, वाकून टँक साफ करणं जिवावर यायचं. एकदा सगळे चहा पीत असताना त्यांनी जाळी आणि खाण्याची डबी तिच्या हातात दिली.

"सूनबाई, आजपासून हे खातं तुझ्याकडे."

"मला जमेल का बाबा?"

"न जमायला काय झालं? चिमूटभर खायला घालायचं आणि मजा बघत बसायचं."

हे त्यांनी निव्वळ मायेपोटी केलं, यात शंका नाही. आपण तिच्या हातात काय देतोय, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. आणि मलूल मासे घरी आणायची सवयही चालूच राहिली, कारण ती सवय होती.

थोड्याच दिवसांनी सकाळी सूनबाईची किंकाळी ऐकू आली. आता पहाटे उठायचं काम नाही म्हणून मामा उशिरा उठले होते. तोंडात ब्रश तसाच ठेवून ते बाहेर आले. गुलाबी पट्ट्याचा एक मासा उलटा होऊन पाण्यावर फिरत होता. मुलगा होता, बायको होती. "बाबा, याला काय झालं?" सुनेने विचारलं, आणि मामांच्या तोंडून फेसाबरोबर निघून गेलं, "खायला जास्त घातलं असेल."

मेलेला मासा आणि विचारणारं माणूस असं समोर एकत्र आलं की त्यांची जीभ आपली आपण चालायची. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं की हे दुकान नाही. पण तोवर बायको हसत म्हणालीसुद्धा, "चिमूट म्हणजे चिमूट घालायची गं. तुझी चिमूट म्हणजे मूठ असेल!" सगळे हसले. सूनही हसली. मामांनी आत जाऊन चूळ भरली आणि ती वेळ निघून गेली.

पुढचे मासे मरायचे थांबणार नव्हतेच. सुनेने खाणं मोजून घालायला सुरुवात केली, मग एक दिवसाआड घालून पाहिलं. पाणी बदललं, नाही बदललं. मासे मरतच राहिले आणि मामा नवे आणतच राहिले, निदान टँक रिकामा दिसू नये म्हणून. सासू स्वभावाने दुष्ट नव्हती, पण तोंडाला आवर नव्हता. "इतकी वर्षं आमच्याकडे मासे आहेत, एक मेलेला पाहिला नाही हो मी," ती शेजारणीला सांगायची. "काहींच्या हातालाच यश नसतं." आधी ती थट्टा होती. मग दूध उतू गेलं की तोच विषय, कुंडीतलं रोप वाळलं की तोच विषय. पाहुण्यांत सुनेची ओळख करून देतानाही ते येऊ लागलं, हसत हसत.

मामांनी आपल्या परीने एक उपाय केला. त्यांनी दुकानातले साधे, न टोचलेले, ठणठणीत काचमासे आणून घरच्या टँकमध्ये सोडले. हे तरी जगतील, म्हणजे पोरीच्या डोक्यावरचा ठपका जाईल. बायको टँकपाशी आली, तिने डोळे बारीक करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगंबाई! आता तर रंगसुद्धा उडाले!"

मुलगा हसला. सून जाळी घेऊन बराच वेळ तिथेच उभी होती. रात्री मामांनी ते साधे मासे गुपचूप पिशवीत भरले आणि परत दुकानात नेले.

तिने नवऱ्याला विचारलं नसेल असं नाही. रोज विचारायची. "माझं काय चुकतं हो?" तो म्हणायचा, "तू मनाला लावून घेतेस. मासे आहेत, मरणारच." एवढ्या वाक्याच्या जागी खरं वाक्य बोलायला त्याला जास्त वेळ लागला नसता. पण मग आईला कळलं असतं, आईला कळलं की गल्लीला, आणि गल्लीला कळलं की दुकानाचं काय? शिवाय त्याला वाटायचं, होईल आपोआप शांत.

मग तिला दिवस गेले, आणि पोट दिसायच्या आतच सगळं संपलं. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की असं होतं, यात कुणाची चूक नसते. सुनेने मान डोलावली. घरी आल्यावर सासू आतल्या खोलीत आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "मी म्हटलंच होतं, तिच्या हाताला..." दार लोटलेलं होतं, पण सासूबाईंचा आवाज दारांना जुमानणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांना ती टँकपाशी दिसली. जाळीत एक निळा मासा होता. "बाबा, हासुद्धा," ती म्हणाली. "माझ्याजवळ काही जगतच नाही, नाही का?"

"सूनबाई, ऐक," मामा म्हणाले.

ती ऐकायला वळली. त्या वेळी मध्ये कुणी आलं नाही, फोन वाजला नाही, दारावर टकटक झाली नाही. खोलीत ते दोघंच होते आणि मामांकडे हवा तेवढा वेळ होता. त्यांना धीर झाला नाही. "जरा आराम कर," ते म्हणाले आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघाले. या एका गोष्टीसाठी मी त्यांना माफ करू शकत नाही.

पुढच्या खेपेला मात्र सगळं नीट पार पडलं. मुलगा झाला, गुटगुटीत, जन्मल्याबरोबर दवाखाना दणाणून सोडणारा. नर्सने त्याला आईच्या छातीशी ठेवलं तेव्हा आईने दोन्ही हातांनी खाटेच्या दांड्या धरल्या होत्या. "घ्या की त्याला," नर्स म्हणाली. "तुम्हीच धरा ना," सून म्हणाली.

घरी आल्यावरही तेच. सासू बाळाला तिच्या कुशीत ठेवायची, ती कुशीवर वळून पाजायची, पण हात उशीखाली. न्हाऊ घालणं, दुपटी बदलणं, झोपवणं, सगळं सासूकडे. आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग सासू घाबरली. "अगं घे त्याला जवळ. आई ना तू त्याची?"

"तुम्हीच घ्या आई. तुमच्या हातात बरा राहील. माझ्या हातात नको."

सासूने बाळाला उचललं, पाळण्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत रडली. त्यानंतर यशाबिशाची भाषा तिने पुन्हा काढली नाही. पण आता तिच्या न बोलण्याने काही होण्यासारखं नव्हतं. मुलाने समजावलं, रागावला, मग गप्प झाला. मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती ती पुढच्या आठवड्याची होती.

त्या दुपारी मुलगा दुकानात होता, सासू औषधं आणायला गेली होती, आणि मामा गुडघ्याला शेक घेत आतल्या खोलीत पडले होते. "बाबा! बाबा, उचला ना!" अशी हाक आली. ती हाक अशी होती की मामा गुडघा विसरून धावले. बाळाने दूध ओकलं होतं, ते नाकातोंडात गेलं होतं, चेहरा काळानिळा पडत होता. आणि आई पाळण्याला लागून उभी होती, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, नुसती ओरडत. मामांनी पोराला झटकन उचललं, हातावर पालथं घातलं, पाठ थोपटली. एक, दोन, आणि मग ते रडलं.

"मी हात लावला असता तर गेला असता," ती म्हणाली.

मामा बाळाला घेऊन खुर्चीत बसले. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे त्यांना स्पष्ट दिसलं, आणि ते कुणामुळे, हेही.

"सूनबाई, ते मासे तुझ्या हाताने मेले नाहीत."

"हो बाबा. सगळे तसंच म्हणतात."

"सगळे समजूत घालतात. मी समजूत घालत नाहीये. ते मरणारच होते. मी ते मरायलाच घरी आणायचो."

मग मामांनी सगळं सांगितलं. शेड, सुई, बादलीवाली बाई. दुकानातले मलूल मासे आणि पाण्याची पिशवी. पहाटे उठून कागदात गुंडाळणं. थांबत थांबत सांगितलं, पण काही गाळलं नाही. बाळ त्यांच्या खांद्यावर उचक्या देत होतं.

"जिवंतपणी टोचतात?" तिने विचारलं.

"जिवंतपणीच."

ती टँकपाशी गेली. आत एक पोपटी पट्ट्याचा मासा होता. तिने ट्यूब खाली ओढून त्याच्या मागे धरली. आरपार अंगात तो रंग एका जागी गोठून बसलेला दिसत होता, कातडीखाली शाई सांडावी तसा.

"आणि मी यायच्या आधी?"

"आधीही मरायचे. असेच. तुझ्या सासूला ते कधी दिसले नाहीत, एवढंच."

"मग पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात की मी खायला जास्त घातलं..."

"सवयीने गेलं तोंडातून. दुकानात सगळ्यांना तेच सांगतो."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तिने काखेतले हात कधी काढले ते मामांना कळलं नाही, पण आता ते काचेवर टेकलेले होते, उघडे. मामांना वाटलं, आता ही रडेल, मोकळी होईल, मग आपण बाळ तिच्या हातात देऊ. कितीतरी दिवसांनी त्यांना छाती भरून श्वास घेता आला. खरं सांगायला इतकंच लागतं, तर आपण एवढे दिवस कशाला भ्यायलो, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

"बाबा, यांना ठाऊक होतं?"

हा प्रश्न येईल असं मामांना वाटलं नव्हतं. उत्तर जिभेवर तयार होतं. छे गं, त्याला कुठलं माहीत, तो गल्ल्यावर बसतो, माल मी बघतो. ते बोलायला काहीच कष्ट नव्हते, आणि तिने त्यावर विश्वास ठेवला असता. मामांनी बाळाच्या पाठीवरून हात फिरवला. तोंड उघडलं. परत मिटलं.

"हो," ते म्हणाले.

"पहिल्यापासून?"

"दुकानात वाढलाय तो."

ती हळूहळू वळली. "मी रोज विचारायचे त्यांना. बाळ गेलं तेव्हा विचारलं. हातात हात घेऊन म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस."

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. "द्या."

एक हात मानेखाली, एक पाठीखाली, कुणी न शिकवता तिने पोराला उचलून घेतलं. खांद्याशी धरलं, तोंड पुसलं, ओलं दुपटं काढून कोरडं गुंडाळलं. तिचे हात पूर्वीसारखे झपाझप चालले होते. मामांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांना वाटलं होतं तेच डोळ्यांसमोर घडत होतं. मग तिने कपाटातून पिशवी काढली आणि बाळाचे कपडे भरायला घेतले तेव्हा त्यांना समजलं.

"सूनबाई, थांब गं. तो येईपर्यंत तरी थांब."

"ते आले की मी थांबेन, बाबा. म्हणूनच आत्ता जाते. दादाकडे जाते."

जिन्यात तिची सासूशी गाठ पडली. मामांना वरून बायकोचा आवाज ऐकू आला, आनंदाने फाटलेला. "घेतलंस! अगंबाई, घेतलंस गं त्याला!" मग आवाज थांबला. पिशवी दिसली असावी.

बायको वर आली ती औषधांचा पुडा छातीशी धरूनच. "अहो, काय सांगितलंत तिला?" मामांनी तिलाही सांगितलं, पुन्हा सगळं, दुसऱ्यांदा सांगताना जरा भरभर. ती चपलांच्या कपाटावर बसली. "मी तिला काय काय बोलले हो," असं ती बऱ्याच वेळाने म्हणाली, आणि तेही मामांना नाही.

मुलगा दुकान अर्ध्यावर बंद करून आला. मेहुण्याने फोनवर काय ते सांगितलं होतं. तो आदळआपट करेल, असं मामांना वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो दारातच उभा राहिला. त्याने पाळण्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"तिने विचारलं, मला माहीत होतं का म्हणून?"

"विचारलं."

"आणि तुम्ही हो म्हणालात."

मामांनी मान डोलावली.

"बाबा, जो येईल त्याला खोटं सांगितलंत. लहान लहान पोरांना सांगितलंत. मला शिकवलंत." त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्यासाठी एकदा खोटं सांगवलं नाही तुम्हाला?"

मामांनी त्याला उत्तर द्यायचा प्रयत्न केला. पण मुलगा थांबला नव्हता. चपला न काढताच तो जिना उतरून गेला होता.